टर्बो नसलेल्या गाडीला धाप का लागते?

दादरहून गणपतीला कोकणात निघालेली एखादी गाडी डोळ्यांसमोर आणा. आत पाच माणसे, डिकीत पिशव्या, टपावर कॅरिअर आणि एसी चालू. पनवेलपर्यंत तक्रार नसते. घाट लागतो, पुढे भरलेला ट्रक असतो, चालक अॅक्सिलरेटर दाबतो आणि इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी पुढे सरकत नाही. ‘गाडीला पिकअपच राहिला नाही’ हे वाक्य नेमके इथे ऐकू येते. आठ-दहा वर्षांच्या, बाराशे सीसीच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत तर ते हमखास ऐकू येते.

नवी टर्बो गाडी घेणे प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही. मग स्वस्तातले उपाय शोधले जातात. कोणी शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर सुचवतो, कोणी ‘फ्री-फ्लो’ सायलेन्सर, कोणी ईसीयू रिमॅप, तर कोणी बॅटरीवर चालणारा छोटा ‘टर्बो’. यांतले काय खरोखर चालते? आणि जे चालत नाही त्याची किंमत फक्त गाडीचा मालकच मोजतो का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ती किंमत शेजारच्यांचे कान आणि फुप्फुसेही मोजतात. म्हणूनच हा विषय आरोग्य-विज्ञानाच्या पानावर घेतला आहे.

इंजिनाचा श्वास

टर्बो नसलेल्या इंजिनाला अभियंते ‘नैसर्गिक श्वास घेणारे इंजिन’ म्हणतात. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब हवा आत ढकलतो. म्हणजे हवा आत लोटण्याचे काम वातावरण करते, इंजिनाकडे त्यासाठी वेगळा पंप नसतो. टर्बो इंजिनात बाहेर जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरते आणि ते चक्र हवा दाबून आत कोंबते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

हवेला इतके महत्त्व का, हे एका साध्या हिशोबातून कळते. १२०० सीसीचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण श्वास घेते. म्हणजे मिनिटाला ३००० श्वास, प्रत्येकी १.२ लिटर. एकूण ३६०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, त्यामुळे सुमारे ३१०० लिटर हवा आत जाते. तिचे वजन भरते साडेतीन किलोच्या आसपास. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून या हवेत मिनिटाला फार तर २५० ग्रॅम पेट्रोल जळू शकते. त्यातून निघालेल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांकडे जाणाऱ्या शक्तीत बदलतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि तेवढाच रेडिएटरमधून व इतर मार्गांनी निघून जातो. या एक तृतीयांशाचा हिशोब केला की उत्तर येते ८० ते ८५ अश्वशक्ती. बाजारातल्या बहुतेक १.२ लिटर, चार सिलिंडरच्या गाड्यांच्या माहितीपत्रकात जवळपास हाच आकडा छापलेला असतो.

यातून एक गोष्ट उघड होते. जास्त पेट्रोल ओतून ताकद वाढत नाही, कारण ते जाळायला हवाच नसते. हवा वाढवायची, हवेचा उपयोग अधिक चांगला करून घ्यायचा किंवा वाया जाणारी ताकद वाचवायची, एवढेच तीन मार्ग उरतात.

घाटात तर हवाच कमी होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब दादरपेक्षा सुमारे ७ टक्के कमी असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथे दाब १५ टक्के कमी असतो, पण हवा थंड असल्यामुळे घनता तेवढी घटत नाही. दादरच्या ३३ अंशांच्या दुपारशी महाबळेश्वरच्या २२ अंशांची तुलना केली तर हवा सुमारे १२ टक्के विरळ भरते. दादरला ८० अश्वशक्तीचे असलेले इंजिन तिथे ७० च्या आसपास येते. यात बिघाड काहीच नाही. गिर्यारोहकाला जी धाप लागते तीच इंजिनालाही लागते. टर्बो इंजिन हवा दाबून घेत असल्यामुळे ही तूट बरीचशी भरून काढते.

पद्मिनीच्या काळातले गणित

कमी पैशात ताकद वाढवण्याची हौस मुंबईला नवी नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत असत. १९६० च्या दशकापासून रस्त्यावर असलेली पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतून निवृत्त झाली. दादर टीटीहून पुण्याला जाणाऱ्या टॅक्स्यांमध्येही अनेक वर्षे हीच गाडी असे. द्रुतगती मार्ग होण्याआधी जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना बोनेट उघडून, रेडिएटर थंड होण्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या गाड्या अनेक वाचकांना आठवत असतील.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या १२०० सीसीच्या इंजिनाची ताकद त्याच्या दुप्पट आहे आणि तीही टर्बोशिवाय. ही वाढ कुठून आली? पद्मिनीत प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह होते, आज बहुधा चार असतात, म्हणजे श्वास घ्यायला आणि सोडायला मोठी वाट. कार्ब्युरेटर अंदाजाने पेट्रोल मिसळत असे, आज संगणक प्रत्येक सिलिंडरसाठी मोजून फवारतो. कॉम्प्रेशन वाढले, म्हणजे मिश्रण जास्त दाबले जाते आणि त्याच उष्णतेतून जास्त काम निघते. ठिणगीची वेळ यांत्रिक वजनांऐवजी सेन्सर ठरवतात.

त्या काळातला हौशी मेकॅनिक नेमकी हीच कामे हाताने करत असे. सिलिंडर हेड थोडे घासून कॉम्प्रेशन वाढवणे, हवेच्या वाटा गुळगुळीत करणे, मोठा कार्ब्युरेटर बसवणे, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घालणे. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनात अशा कामांना भरपूर वाव होता. आजच्या गाडीत ती कामे कंपनीनेच करून दिलेली असतात. त्यामुळे थोड्या पैशात ‘आणखी’ ताकद काढायला फारच कमी जागा उरली आहे. मात्र जुन्या गाडीने गमावलेली ताकद परत मिळवायला बरीच जागा असते, आणि खरी बचतही तिथेच आहे.

आधी हरवलेली ताकद शोधा

सुरुवात एअर फिल्टरपासून करावी. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये यावर चाचण्या केल्या. आधुनिक, इंधन फवारणाऱ्या गाड्यांत फिल्टर तुंबला तरी मायलेजमध्ये फरक पडत नाही, असे त्यात आढळले. कारण संगणक हवेच्या प्रमाणात पेट्रोल कमी करतो. पण तुंबलेला फिल्टर बदलल्यावर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून वेग घेण्याच्या वेळेत ६ ते ११ टक्के सुधारणा दिसली. जिथे सतत कुठे ना कुठे खोदकाम आणि बांधकाम चालू असते अशा मुंबईत फिल्टर माहितीपुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच तुंबू शकतो. नवा कागदी फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. एवढ्या पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू गाडीत क्वचितच असेल.

त्यानंतर स्पार्क प्लग. प्लगच्या टोकांमधले अंतर झिजेने वाढत जाते, ठिणगी कमजोर होते आणि भाराखाली एखादा सिलिंडर ठोका चुकवतो. साधे प्लग पंचवीस-तीस हजार किलोमीटरपर्यंत आणि इरिडियमचे लाखाच्या आसपास चालतात. चारपैकी एक सिलिंडर अधूनमधून चुकत असेल तर इंजिन तेवढ्या वेळापुरते पाऊण ताकदीवर चालते. कमकुवत इग्निशन कॉइलचाही परिणाम असाच होतो.

क्लचची परीक्षा घाटात आपोआप होते. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, जोडीला जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. अशा वेळी इंजिनावर केलेला कोणताही खर्च फुकट जातो, कारण ताकद तयार होऊनही चाकांपर्यंत पोहोचत नाही. ब्रेक अडकून राहणे हाही असाच छुपा चोर आहे. थोडे अंतर गाडी चालवल्यावर एकाच चाकाची रिम इतर चाकांपेक्षा फार तापलेली वाटली तर ब्रेक तपासावा. टायरमधली हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि रस्ता गाडीला मागे ओढतो. हवा तपासायला पैसेही लागत नाहीत.

जुन्या गाडीत एक तपासणी आवर्जून मागावी, ती म्हणजे कॉम्प्रेशनची. प्रत्येक सिलिंडरचा प्लग काढून तिथे दाबमापक लावतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवतात. डॉक्टर फुप्फुसांची क्षमता बघण्यासाठी नळीत फुंकायला सांगतात, तसाच हा प्रकार. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आला तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत. मग फिल्टर आणि प्लग बदलून भागणार नाही.

पीयूसीची पावतीही नीट वाचावी. आपण ती घडी करून ठेवून देतो, पण ती इंजिनाच्या श्वासाचा अहवाल असते. बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. हा आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकला आहे. हायड्रोकार्बन वाढले असतील तर पेट्रोल न जळता बाहेर पडते आहे; अशा वेळी पहिला संशय प्लगवर घ्यावा. गेल्या दशकभरातल्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचे सॉकेट असते. हजारभर रुपयांचा रीडर लावला की मोबाइलवर कोणता सिलिंडर चुकतो आहे, इंजिन किती तापले आहे हे दिसते. मेकॅनिकशी बोलताना ही माहिती हातात असलेली बरी.

घाटात फुकट मिळणारी ताकद

अनेकदा ताकद इंजिनात असते, पण आपण ती मागत नाही. १.२ लिटरचे इंजिन १५०० फेऱ्यांना पूर्ण अॅक्सिलरेटर दाबूनही साधारण २० अश्वशक्ती देते. तेच इंजिन ३५०० फेऱ्यांना ५० च्या वर जाते. माहितीपत्रकातले ८० चे वचन ६००० च्या आसपासचे असते. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांनाच जोर लावते, म्हणून ते चालवणाऱ्याला गिअर बदलण्याची घाई नसते. टर्बो नसलेल्या गाडीला मात्र फेरे लागतातच.

आता घाटाला किती ताकद लागते ते पाहू. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १४०० किलो आहे आणि दर २० मीटरला रस्ता १ मीटर चढतो, असे धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने चढायला फक्त उंची गाठण्यासाठी सुमारे १५ अश्वशक्ती लागते. हवेचा आणि टायरचा विरोध धरला तर बेरीज २० च्या पुढे जाते. पाचव्या गिअरमध्ये इंजिन १८०० फेऱ्यांच्या आसपास असते आणि जेमतेम तेवढीच ताकद देते. म्हणजे ओव्हरटेक करायला हातात काहीच शिल्लक नाही. तिसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन ३३००-३४०० फेऱ्यांवर असते आणि दुपटीच्या जवळ ताकद हाताशी येते. आवाज वाढतो म्हणून अनेक जण गिअर उतरवायला कचरतात. पण निरोगी इंजिनाला ३५०० फेऱ्यांचा त्रास होत नाही. उलट वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर रेटत नेण्यानेच त्यावर जास्त ताण येतो.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची तीन ते पाच अश्वशक्ती खातो. तीव्र चढावर किंवा ओव्हरटेक करण्याआधी तो काही मिनिटे बंद ठेवला तर छोट्या गाडीत फरक लगेच जाणवतो. डिकीतले ५० किलो अनावश्यक सामान कमी केले तर वर धरलेल्या गाडीचे वजन साडेतीन टक्क्यांनी घटते. परिणाम तेवढीच अश्वशक्ती वाढवल्यासारखा होतो, आणि ब्रेकवरचा भारही हलका होतो. टपावरचे रिकामे कॅरिअर वारा अडवते. गरज संपली की ते काढून ठेवावे. मोठ्या रिम आणि रुंद टायरची फॅशन उलट दिशेने काम करते. चाक जड झाले आणि त्याचा घेर वाढला की गिअर आपोआप ‘लांब’ होतात आणि पिकअप कमी होतो.

सीएनजीवर चालणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. वायू सिलिंडरमध्ये शिरताना सुमारे दहाव्या हिश्शाइतकी हवा बाजूला सारतो, म्हणजे श्वास तेवढा लहान होतो. कंपन्यांच्या स्वतःच्या आकड्यांतही एकाच इंजिनाची सीएनजीवरची ताकद पेट्रोलपेक्षा १० ते १५ टक्के कमी दिसते. त्यात टाकीचे वजन वेगळे. शहरातल्या रहदारीत याने बिघडत नाही आणि खिशाला फायदाच होतो. पण घाट सुरू होण्याआधी पेट्रोलचे बटण दाबणे हा दहा टक्क्यांहून अधिक ताकद मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

विकत मिळणारी ‘ताकद’

बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ‘टर्बो’ पंख्याचा हिशोब करून पाहा. १२०० सीसीच्या इंजिनाला पूर्ण वेगात लागणारी हवा वातावरणापेक्षा ३० टक्के जास्त दाबायची तर कॉम्प्रेसरला साधारण ३ किलोवॉट शक्ती लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे म्हणजे २५० अँपिअर. दोन बारीक तारांवर चालणारा पंखा ५-६ अँपिअर घेतो. तो हवा दाबत नाही, उलट हवेच्या वाटेत अडथळा बनतो. पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांचीही तीच गत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणाऱ्या शंभराहून अधिक उपकरणांचे मूल्यमापन केले आहे, आणि लक्षणीय फायदा देणारे उपकरण त्यांना सापडले नाही.

जास्त ऑक्टेनचे महागडे पेट्रोल ‘जास्त ताकदीचे’ नसते. मिश्रण दाबले जात असताना वेळेआधी न पेटण्याची क्षमता, एवढाच ऑक्टेनचा अर्थ. वेळेआधी पेटलेल्या मिश्रणाने येणारा टकटक आवाज म्हणजे नॉकिंग. इंजिन नॉक करत नसेल तर जास्त ऑक्टेनचा उपयोग नाही. ई-२० पेट्रोलबद्दलही गैरसमज आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून मायलेज घटते. पण इथेनॉल जळायला हवाही कमी लागते. त्यामुळे श्वास तेवढाच असताना ताकदीत फारसा फरक पडत नाही, पेट्रोल मात्र जास्त लागते.

उघडा, शंकूसारखा फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढतो. तापमान दर ३ अंशांनी वाढले की हवा सुमारे एक टक्का विरळ होते. रहदारीत बोनेटखाली ६० अंश तापमान झाले, तर बाहेरच्या ३३ अंशांच्या तुलनेत हवा ८ टक्के विरळ होते. म्हणजे ताकद मिळवायला घेतलेला फिल्टरच ती घालवतो. कंपनीने हवेची नळी पुढच्या बाजूला, थंड हवेकडे काढलेली असते ती यासाठीच.

काही जण हवा थंड मिळावी म्हणून नळी बंपरमागे खाली उतरवतात. मुंबईत हे सरळ धोक्याचे आहे. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरणे दादर-परळकरांना सांगायला नको. तिथल्या पाण्यासाठी महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या, तरी जोराच्या पावसात रस्त्यावर पाणी दिसतेच. खाली उतरवलेल्या नळीतून थोडे पाणी सिलिंडरमध्ये शिरले तरी पुरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडण्याचा खर्च एवढा येतो की त्यात आयुष्यभराचे कागदी फिल्टर आले असते. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही.

ईसीयू रिमॅपची गोष्ट थोडी वेगळी आहे. टर्बो गाडीत रिमॅप करून हवेचा दाबच वाढवता येतो, म्हणून तिथे वाढ मोठी दिसते. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा तीच राहते. ठिणगीची वेळ आणि मिश्रण थोडे बदलून फार तर काही टक्के हाती येतात. ठिणगी जास्त आधी आणली तर नॉकिंगने पिस्टन जायचा धोका असतो, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर तीही जाते.

सायलेन्सर, कान आणि फुप्फुसे

सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे सायलेन्सर बदलणे. छोट्या गाडीत त्याने वरच्या फेऱ्यांना दोन-चार अश्वशक्ती मिळाल्या तरी नशीब. रोजच्या वापरातल्या कमी फेऱ्यांना जोर कित्येकदा घटतो. आवाज मात्र नक्की वाढतो. मोठा आवाज ऐकला की गाडी जोरात पळते आहे असे चालकाला वाटते, आणि हा उपाय खपतो तो याच भासावर.

आवाजाचे गणित सरळ नसते. १० डेसिबल वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. नव्या मोटारीच्या चाचणीत आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. बदललेल्या सायलेन्सरने तीच गाडी ८४ वर गेली तर ती एकटी दहा गाड्यांइतका आवाज करते. नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि परळमध्ये तर केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत. शिवाजी पार्कला मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवले.

रात्री झोपेत आवाज झाला की माणूस जागा झाला नाही तरी शरीर जागे होते. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही तणावाची संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब थोडा वेळ चढतो. रोज हेच होत राहिले तर हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशीत रस्त्यावरील वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलच्या खाली आणि रात्रीचा ४५ च्या खाली ठेवावा, असे म्हटले आहे. रस्त्यालगतच्या चाळीत, खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्या वृद्धाला या शिफारशीचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आवाजापेक्षा घातक प्रकार म्हणजे सायलेन्सरबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकणे. गरम झालेला कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे ९० टक्क्यांहून अधिक प्रमाण निरुपद्रवी वायूंमध्ये बदलतो. तो काढला की हे सगळे थेट बाहेर येते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हायड्रोकार्बनमध्ये कर्करोगकारक बेन्झिन असते. सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये अशी गाडी पाच मिनिटे चालू ठेवली, तर तो धूर पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांत आणि शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या छातीत जातो. इंजिनाचा श्वास मोकळा करण्यासाठी शेजाऱ्यांचा श्वास कोंडायचा, असा हा सौदा आहे.

कन्व्हर्टर खरोखर तुंबला असेल तर गोष्ट वेगळी. मग इंजिन फेरेच घेत नाही, घाटात गाडी कोंडल्यासारखी होते, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. तेव्हा नवा कन्व्हर्टर बसवावा. खर्च मोठा असतो, पण ताकदही परत येते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना रद्द होण्याची तरतूद आहे.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत

ज्यांना या गणपतीला किंवा दिवाळीला घाट चढायचा आहे त्यांनी निघण्याआधी पंधरा दिवस हा क्रम धरावा. प्रथम टायरची हवा, एअर फिल्टर आणि अनावश्यक सामान. मग ओबीडी रीडरवर चुकणारा सिलिंडर शोधून प्लग किंवा कॉइल. त्यानंतर थ्रॉटल बॉडीची सफाई, ब्रेक आणि क्लचची तपासणी. हे सगळे करूनही गाडी ओढत नसेल तरच कॉम्प्रेशनची चाचणी. क्लच किंवा रिंगचे काम निघाले नाही तर एकूण खर्च साधारण एका चांगल्या सर्व्हिसिंगएवढाच होतो.

एवढ्यानेही ८० अश्वशक्तीच्या गाडीची १०० होणार नाही. पण तिची ६५-७० झालेली ताकद पुन्हा ८० च्या जवळ येईल, आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती वापरताही येईल. वळणावळणाच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे असताना मात्र ताकद कितीही असली तरी समोरचा रस्ता दिसेपर्यंत थांबावे. आणि दादरला परतल्यावर गाडी रात्री गल्लीत शिरेल तेव्हा तिच्या आवाजाने वरच्या मजल्यावरच्या कोणाची झोप मोडायला नको.